वरच्या मजल्याचं नेट

सिडकोतल्या धम्मपाल पगारेंच्या बेडरूमपर्यंत त्यांचं स्वतःचं वाय-फाय रांगत यायचं, पण वरच्या मजल्यावरच्या आवेजचं मात्र सगळ्या दांड्या मिरवत छतातून उतरायचं. शेवटी लाज गुंडाळून त्यांनी आवेजला जिन्यातच गाठलं आणि पासवर्ड मागितला.

“अंकल, विचारताय काय? तुमचंच तर आहे!” म्हणत त्याने पगारेंच्या फोनमध्ये तिथल्या तिथे टाकून दिला. पोरगं किती संस्कारी, या विचाराने पगारेंना भरूनच आलं.

मग फुकट मिळत असताना घरचं कशाला पोसायचं? त्यांनी नेटवाल्या गोरखला बोलावलं, चहा पाजून त्याच्या कंपनीचा उद्धार केला आणि कनेक्शन तोडायला लावलं.

गोरखने वायर उपटली, तशी वरून आवेजची बायको खुशनुमा ओरडली, “आंटी, नेट गेलं!”

पगारेंच्या फोनवरचा व्हिडिओही गोल गोल फिरायला लागला. गोरख वर जाऊन बघून आला.

“काका, त्यांच्याकडे कनेक्शनच नाही. नुसता रिपीटर आहे. तो तुमच्याच राउटरचं नेट पकडून पुढे फेकत होता.”

“त्यांना आपला पासवर्ड दिला कोणी?” पगारे कडाडले.

त्यांच्या पत्नी छायाताई स्वयंपाकघरातून शांतपणे म्हणाल्या,

“ईदचा शिरखुर्मा चाटूनपुसून खाल्लात ना? मग डबा रिकामा कसा परत करणार? घरात साखर नव्हती, म्हणून पासवर्डची चिठ्ठी घातली.”