यादीतलं बिल

"बिल आलं का रे चर्चेला?" सुगनबाईंनी विचारलं.

कन्हैयालाल हैदराबादहून नुकताच जालन्याला आला होता; जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होतं. अजून बूटसुद्धा काढले नव्हते. "यादीत आहे, माँ."

"दिवाळीलाबी यादीतच होतं."

"तेव्हा पाचवं होतं. आता नववं आहे."

"पाचाचं नऊ झालं, याला तुमच्या असेंब्लीत पुढं जाणं म्हणतात का?"

कन्हैयालालनं बूट काढले. तो आमदार होता, पण घरात मुलगाच होता. त्याचं बिल साधं होतं. माणूस मेलं की बिरादरीला जेवण घालायचं, त्याला मोसर म्हणतात. त्याची सक्ती बंद व्हावी, एवढंच त्यात लिहिलं होतं. त्याच्या पुढं विहिरीवरच्या इंजिनांचं बिल होतं, मोटारभाड्याचं होतं, आणखी कसली कसली होती. त्या सगळ्यांवर बोलणारे पुष्कळ होते. मोसरावर बोलणारा हा एकटाच.

भिंतीपलीकडं प्रेमबाई राहायची. तिचा नवरा दीपचंद मागच्या महिन्यात वारला. कापडाचं लहानसं दुकान होतं, ते त्याच्या दुखण्यातच संपलं. सुतक फिटलं तशी पंचमंडळी येऊन बसली. कचरूलाल त्यांचा मुख्य.

"बारावा चुकला, चालतं," तो म्हणाला. "पण पौर्णिमेच्या आत मोसर झालं पाहिजे. न्हाई तर तुझ्या पोरीची सोयरीक घेऊन या दारात कोणी येणार न्हाई."

"कशाच्या जिवावर घालू, भाईजी?"

"घर हाय ना."

घर घ्यायलाही तोच तयार होता. शेजारधर्म म्हणून.

प्रेमबाई त्याच दिवशी संध्याकाळी कन्हैयालालकडं आली. त्यानं तिला नीट समजावलं. आधी बिल मांडतात, मग त्यावर चर्चा होते, मग कलमं घेतात, मग मतं. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "पौर्णिमेच्या आत होईल?"



ती गेल्यावर सुगनबाई म्हणाल्या, "येत्या रविवारी आपल्या दारात मोसर हाय. तुझा कायदा यायच्या आत उरकून घेते."

"आपल्या दारात? कोणाचं?"

"घरात म्हातारी एकच हाय."

पैसेवाली माणसं जिवंतपणीच आपलं मोसर घालून घेत, ते काही नवं नव्हतं. पण कन्हैयालालचं तोंड उतरलं. "माँ, बिल माझं, आणि मोसर माझ्याच घरी? हैदराबादेत कोणाला तोंड दाखवू?"

"नवव्या नंबरावर बसलेल्याचं तोंड कोण बघून राह्यलंय?"

कचरूलालला बातमी लागली तसा तो धावतच आला. "काकीजी, शोभलं तुम्हाला! मेंबरसाहेबांच्या घरचं पहिलं पान माझं." मग गावभर सांगायचं काम त्यानं स्वतःच अंगावर घेतलं. ते हैदराबादपर्यंत जावं, एवढीच त्याची इच्छा.

सुगनबाईंनी प्रेमबाईला गहू निवडायला बोलावलं. गहू झाला, मग डाळ. मग पुऱ्या लाटायलाही तीच. भांडी घासणाऱ्या साळूबाईला राहवलं नाही.

"बाईजी, तिचं घर हातचं चाललंय आणि तिलाच तुमच्या जेवणावळीला राबवता?"

"बसून रडण्यापरीस बरं. प्रेमबाई, जरा तुझ्या घरचं मीठ आण बरं. सगळं आण. माझं ओलं झालंय."

प्रेमबाईनं मिठाची बरणीच आणून ठेवली. जालन्याच्या कादराबाद भागातल्या त्या गल्लीत दुसऱ्या दिवशी एकच बोलणं. म्हातारीनं विधवेच्या घरचं मीठसुद्धा सोडलं न्हाई.

रविवारी गल्लीत पंगती बसल्या. लापशी, पुरी, डाळ, भजी, कढी. लापशीवर तूप असं की वाढणाऱ्याचे हात घसरत होते. कन्हैयालाल आतल्या खोलीत दार लावून बसला होता. प्रेमबाई चुलीपाशी होती. तिनं पदर एवढा पुढं ओढलेला की रडते का घामेजली, काही कळत नव्हतं.

कचरूलालनं कढी चार वेळा मागून घेतली. "काकीजी, असं मोसर जालन्यात झालं न्हाई," तो आतल्या दाराकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाला. "आमच्या मेंबरसाहेबांचं बिल पास झालं असतं, तर आम्ही या चवीला मुकलो असतो!"

पंगत हसली. 

रिवाज असा, की जेवण झालं की घरधनीण पंचाच्या हातावर पाणी घालते. पंचानं हात धुतले की मोसर पदरात पडलं. मग त्यात खोट काढता येत नाही. मग पंच विचारतो, कोणाच्या नावानं? घरधनीण नाव सांगते आणि लोक उठतात.

सुगनबाईंनी तांब्या वाकडा केला. कचरूलालनं मनगटापर्यंत हात धुतले, चूळ भरली, धोतराला हात पुसले.

"बोला काकीजी. कोणाच्या नावानं?"

"दीपचंदच्या."

कोणी उठलं नाही. चुलीपाशी लाटणं खाली पडलं.

"दीपचंदच्या?" कचरूलाल म्हणाला. "मोसर तर तुमचं!"

"माझं? मी मेले कवा?"

"पण खर्चा सगळा तुमचा हाय! वाढलं तुम्ही, तूप तुमचं..."

आतल्या खोलीची कडी वाजली. सुगनबाईंनी तिकडं बघितलंही नाही. उरलेलं पाणी त्यांनी कचरूलालच्या पायापाशी ओतलं.

"तूप माझं असू दे. मीठ कोणाचं खाल्लं, ते सांग."