तपासणीपुरती जनता
टॉवरसमोरचं अंगण लोकांना खुलं ठेवायचं, या बोलीवर पालिकेनं मालकाला जादा मजले बांधू दिले. मी तिथला वॉचमन. तिथं कुणी टेकलं की शिट्टी मारून उठवायचं, हे माझं काम. तपासणी असली की मॅनेजर आमच्याच घरची माणसं बाकांवर बसवायचा. यंदा माझी आई बसली, ठेवणीतले कपडे घालून. "आजी, रोज येता?" तपासनीसानं विचारलं. "रोजच! घरात ऊन येत नाही हो." आईनं बेमालूम थाप मारली. "येत जा, जागा तुमचीच आहे," साहेब म्हणाले. दुसऱ्या दिवशी आई त्याच बाकावर पाय पसरून बसलेली. "आई, ऊठ! ते कालपुरतं होतं." "वेड्या, एवढा मोठा साहेब खोटं कशाला बोलेल?" मॅनेजर काचेआडून माझ्याकडेच बघत होता. मी शिट्टी फुंकली. कुणासाठी वाजली म्हणून आई मागं वळून बघू लागली.