आई गं!

सकाळी साडेदहाला शास्त्रज्ञ बाईंनी मुलीच्या तळपायाला टाचणी लावली न लावली तोच मुलगी ओरडली, "आई गं!" "लागलं हिला!" आई आनंदाने रडायलाच लागली. जन्मापासून मुलीला वेदना ठाऊक नव्हती. चेतापेशींमधलं वेदनेचं दार तिच्यात उघडतच नव्हतं. ते उघडणाऱ्या औषधापायी बाईंची उमेदीची वर्षं गेली. आज पहिला डोस दिला होता. तरी त्यांनी विचारलं, "हे ओरडणं शिकवलं कोणी?" आई ओशाळली. "मीच. पडून रडत नाही, म्हणून पोरं भूत म्हणायची हिला." बाईंनी मुलीचे डोळे रुमालाने बांधले, टाचणीचं बोथट डोकं टेकवलं. "आई गं!" आईचा चेहरा पडला. बाईंनी गुपचूप टाचणी उलटी केली, टोक टोचलं. मुलगी ओरडली नाही. पाय मात्र झटकन मागे गेला. रुमाल ओढून ती म्हणाली, "आई, हे काय होतं गं?"