दांडा पुढे

पाहुण्याला खाली बसता येत नव्हतं, म्हणून पंचफुलानं आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली. पन्नाशीचा, भारदस्त माणूस. नागपूरहून बोथ या गावी एकटाच आला होता, आणि पाणी प्यायच्या आधी वृषालीच्या फोटोपुढे बराच वेळ उभा राहिला होता.

"वृषाली मॅडमच्या फ्लाइंग क्लबमधला मी," एवढंच तो म्हणाला होता.

तिथले मोठे साहेब असतील, असं पंचफुलाला वाटलं. असला माणूस आपल्या पोरीला मॅडम म्हणतो, याचं तिला त्या दुःखातही बरं वाटलं.

वृषाली तिथं विमान उडवायला शिकवायची. एकतीस वर्षांची होती. फेब्रुवारीत एका शिकाऊ वैमानिकाला घेऊन ती वर गेली आणि विमान गरगर फिरत हरभऱ्याच्या शेतात पडलं. ती गेली. शिकणारा वाचला. पुढे चौकशीचा अहवाल आला. त्यात लिहिलं होतं, प्रशिक्षिका घाबरली, तिनं विमानाचं नाक वर-खाली करायचा दांडा मागे ओढून धरला, म्हणून विमान सावरलं नाही.

वृषालीच्या बापाची, डोमाजीची, सारी नोकरी तहसीलात कारकुनीत गेली होती. कागदावर आलं ते त्याच्या लेखी खरं. अहवाल वाचला त्या दिवसापासून त्यानं विहारात जाणं सोडलं. तिथंच वृषालीचा सत्कार झाला होता, मोहल्ल्यातल्या पोरी तिच्या गणवेशाला हात लावून बघत होत्या. "आपल्या पोरीनं लोकाचं लेकरू मारलं असतं," असं तो बायकोला एकदाच म्हणाला. मग त्या विषयावर घरात कोणी बोललं नाही.

"तो अहवाल चूक आहे," पाहुणा म्हणाला. "तेच सांगायला आलो."

दारापाशी बसलेल्या डोमाजीनं मान वर केली नाही.

"विमानाचा वेग फार कमी झाला आणि ते एका अंगावर कलंडलं, की भोवऱ्यासारखं फिरत खाली येतं. त्याला स्पिन म्हणतात. त्यातून बाहेर कसं यायचं, तेच मॅडम त्या दिवशी शिकवत होत्या. इंजिन कमी करायचं. ज्या बाजूला फिरतं, त्याच्या उलट्या पायानं पेडल दाबायचं. आणि दांडा पुढे ढकलायचा."

"पुढं म्हंजे?" पंचफुलानं विचारलं.

"म्हणजे विमानाचं नाक जमिनीकडे."

"जमीन अंगावर येऊन राह्यली, आन् तिच्याकडंच ढकलाचं?"

"हो. वेग आला की विमान सावरतं. पण माणसाचा हात आपोआप मागे ओढतो. मॅडम जमिनीवर बसवून तेच पुन्हा पुन्हा करून घ्यायच्या."

"मंग तिनं सोता काऊन ओढला?" डोमाजी पहिल्यांदाच बोलला.

"नाही ओढला. तिन्ही गोष्टी बरोबर केल्या त्यांनी. आवाजही चढला नाही. 'सोडा, माझ्याकडे द्या,' एवढंच म्हणत होत्या."

"कोणाले?"

"शिकणाऱ्याला. त्याच्यापुढेही दांडा असतो. दोन्ही जोडलेले असतात. एकानं धरला की दुसरा हलत नाही."

पंचफुलानं पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "म्हंजे त्या पोरानं... आन् जबानीत तिचं नाव सांगलं?"

"हो. अहवाल त्याच्याच जबानीवर लिहिला गेला."

"भेलं असंल लेकरू. ते वाचलं, त्याच्या मायचं घर राह्यलं. तुमाले भेटला तं सांगजा, मले त्याचा राग नाही."

पाहुण्यानं खुर्चीचा हात घट्ट धरला.

डोमाजी उठून जवळ आला. "साहेब, हे तुमी लेहून द्यान काय? आमचं कोण आयकते? तुमच्यासारख्याचं आयकतीन."

"लिहून दिलंय. काल चौकशी अधिकाऱ्यांच्या हातात दिलं. ही त्याची नक्कल." पाहुण्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला.

डोमाजीनं चष्मा लावला. कचेरीत फिर्याद वाचायचा तसा, एकेक शब्द वेगळा करत, तो बायकोला ऐकू जाईल असं वाचू लागला.

"'मी, बाबाराव, वय बावन्न, राहणार नागपूर, त्या दिवशी विमानात असलेला शिकाऊ वैमानिक, माझी आधीची जबानी खोटी होती असं लिहून देतो. दांडा मी दोन्ही हातांनी पोटाशी धरून ठेवला होता. मॅडम शेवटपर्यंत माझी बोटं सोडवत होत्या.'"