भरला लोटा

प्रभाकरराव बाभळीमागं बसून अर्धा तास झाला, तरी लोटा भरलेलाच. सहावा दिवस! कुंथून कुंथून कपाळाच्या शिरा फुगल्या, पोटात मात्र सामसूम. शेवटी त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, पाणी गुपचूप बाभळीच्या बुडाशी ओतलं आणि रिकामा लोटा हलवत, ताठ मानेनं नाचणगावच्या वाटेला लागले.

"झालं का साफ, परभाकरराव?" वाटेवरच्या घरासमोर बाजेवर बसलेल्या तानबानं विचारलं.

"एकदम!"

दुसरं काय सांगणार हो? वीस वर्षं हा गृहस्थ गावोगाव निसर्गोपचारावर व्याख्यानं झोडत होता आणि म्हणणं एकच: बद्धकोष्ठ हा रोग नव्हे, पुरावा आहे. माणूस चोरून खातो, खोटं बोलतो, तेच पोटात अडकतं. म्हाताऱ्याकोताऱ्यांना भर सभेत उभं करून ते कबुली घेत. तीन वर्षांपूर्वी त्यांनी सख्ख्या थोरल्या बहिणीलाही सोडलं नाही. तानाबाई विधवा, सत्तरीची, भावाच्या घरी राहून त्याचाच स्वयंपाक करणारी. "चार रोज झाले, होतच नाई," एवढंच ती बिचारी म्हणाली. यांनी पन्नास माणसांत विचारलं, "गूळ चोरून खातेस ना?" माणसं खदाखदा हसली. मग आठ दिवस नुसतं लिंबूपाणी. नवव्या दिवशी बाई म्हणाली, "झालं." तेव्हापासून रोज होतंच आहे!

हा किस्सा प्रत्येक व्याख्यानात ठरलेला. त्याच्या शेपटाला परसातला लवकीचा वेल. विहिरी आटल्या तरी दुधी लटकतायत, भर वैशाखात पानं हिरवीगार. "शुद्ध घरातला वेलसुद्धा शुद्ध वाढतो," असं म्हणून प्रभाकरराव डोळे मिटून घेत.

आता वर्ध्याहून मंडळी यायची होती. नवं उपचार केंद्र निघत होतं आणि त्याचं प्रमुखपद यांना द्यायचं घाटत होतं. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली होती, आणि नेमकं आत्ताच सदुसष्ट वर्षांच्या पोटानंही हुकूम मानायचं सोडलं.

खादी आणायला जातो असं सांगून ते वर्ध्याला डॉक्टरकडे गेले. डॉक्टर अगदी पोरगेला. त्यानं पोट दाबून पाहिलं, चार प्रश्न विचारले आणि म्हणाला, "आतड्याला स्वतःच्या नसा असतात. आतलं पुढं ढकल, हा हुकूम त्याच देतात. वयानं त्या विरळ होतात. हुकूम नीट पोचत नाही, मग आतडं सुस्त पडतं."

"पण समजा, मनातच काही खोट असेल तर?"

डॉक्टर हसला. "काका, केस पिकले तेव्हा कोणतं पाप केलं होतं तुम्ही?"

प्रभाकररावांच्या छातीवरचा धोंडा उतरला. गाडीत बसल्यावर मात्र तानाबाई आठवली. सत्तरीची बाई, गूळ, ती पन्नास माणसं. वाईट वाटलं. खरंच वाटलं. उतरायचं पुलगाव स्टेशन येईपर्यंत वाटलं. मग त्यांनी विचार केला, एवढं पद चालून येतंय, आता जुनं कशाला उकरा? शिवाय ती तर बरी झालीच होती की! औषधाची बाटली त्यांनी खादीच्या कापडात गुंडाळून घरी आणली.

दोन दिवसांनी संध्याकाळी मंडळी आली. जेवायला लवकीची भाजी. गुळाचा किस्सा रंगला, पाहुणे पोट धरून हसले. तानाबाई खाली मान घालून भाकरी वाढत राहिली. हात धुता धुता पाहुण्यांनी प्रमुखपद पक्कं केलं.

पहाटे प्रभाकरराव लोटा घेऊन निघाले. बाटलीचा गुण अजून यायचा होता. बघतात तर काय, वर्ध्याची अख्खी मंडळी बाभळीच्या आसपास, एकेका झुडपामागं एकेक! त्यांच्या कानांदेखत पाणी कसं ओतणार? लांबच्या नाल्याकडं वळले, तर तिथं गावातली माणसं बसलेली. वाटेवर तानबा बसलेला. अखेर भरला लोटा उपरण्याखाली झाकून, मागच्या कुंपणातून ते आपल्याच परसात चोरासारखे शिरले. वेलाला पाणी घातलं तर कोण काय म्हणणार!

वेलापाशी तानाबाई उभी होती. बायकांच्या वाटेनं नुकतीच परतलेली, पदर डोक्यावर, हातात लोटा. काठोकाठ भरलेला.

उपरणं खांद्यावरून घसरलं. तिनं भावाचा लोटा पाहिला, भावानं तिचा. तानाबाई हसली नाही, रागावलीही नाही. तिनं सवयीनं वेलाच्या बुडाशी आपला लोटा रिता केला आणि बाजूला सरून भावाला जागा दिली.

"ओत, परभाकर. तीन सालं झाली, या वेलाले मी एकटीच पाणी देऊन राह्यली."