विनंती थांबा

पुढच्या थांब्यावर बस थांबणार नव्हती, आणि हे बसमधल्या सगळ्यांना ठाऊक होतं. पूल ओलांडला की डाव्या हाताला वस्ती लागायची आणि वस्तीसमोर विनंती थांबा. बाहेरून कोणी हात केला किंवा आतून कोणी बटण दाबलं, तरच तिथे थांबायचं. मध्यंतरी त्या ठिकाणी एका बसवर दगड आला, काच फुटली, आणि तेव्हापासून डेपोच्या साहेबांचं तोंडी फर्मान निघालं होतं की वातावरण निवळेपर्यंत तिथलं कोणी गाडीत घ्यायचं नाही. दगड कोणी मारला ते काही सापडलं नव्हतं. मग काय, अख्खी वस्तीच दोषी.

ती नेहमीप्रमाणे ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसली होती. ड्रायव्हर म्हणजे तिचे बाबा. कॉलेज सुटलं की ती त्यांच्याच गाडीने घरी यायची, आणि ते अख्ख्या बसला ऐकू जाईल अशा आवाजात विचारायचे, "काय प्रोफेसर, आज काय दिवे लावले?"

आज तिने नुसती मान हलवली. उद्या इतिहासाची परीक्षा होती. एका जुन्या कत्तलीची कारणं, सनावळ्या, सेनापती, सगळं तोंडपाठ होतं. पण शेवटच्या तासाला बाई जाता जाता बोलून गेल्या होत्या, "मारणारे मूठभर होते गं. बाकीचे वेळेवर कामाला जात होते." ते वाक्य दुपारपासून घशात काटा अडकावा तसं अडकलं होतं.

वर्षभर ते धडे वाचताना ती स्वतःला कुठे ना कुठे बसवून बघायची. कधी लपून राहिलेल्या मुलीच्या जागी, कधी त्या मुलीला माळ्यावर लपवणाऱ्या शेजारणीच्या जागी. शेजारीण व्हायला तर तिला फारच आवडायचं. शेजारून गाडीने जाणाऱ्या, पुस्तकात डोकं घातलेल्या मुलीच्या जागी मात्र ती एकदाही बसली नव्हती. खरं तर रोज संध्याकाळी ती तिथेच बसत होती.

पूल संपत आला तसा थांबा दिसला. बाकावर एक बाई बसली होती, एक पाय प्लास्टरमध्ये. शेजारी नवरा, हातात एक्स-रेचं पाकीट. इस्पितळ पुढच्या चौकात होतं, पण त्या पायाने जायला तेही लांबच. बस बघून बाईने कुबडी उचलली आणि हवेत धरली.

बाबांनी वेग कमी केला नाही. आरशात त्यांचा चेहरा दिसत होता. दुष्ट माणसाचा चेहरा नव्हता तो. गेल्या आठवड्यात एका ड्रायव्हरने इथे गाडी थांबवली, तर साहेबांनी त्याला डेपोत गाड्या धुवायला बसवलं होतं. आणि घरात कमावणारे बाबा एकटे.

"बाबा, कुबडी दिसतेय ना?"

"दिसतेय."

"मग?"

"मग काय? मी पडलो हुकमाचा ताबेदार. तू अभ्यास कर."

तिने मागे पाहिलं. कोणी मोबाइलमध्ये, कोणी मुद्दाम उजवीकडच्या खिडकीत. सगळा वर्ग हाताची घडी, तोंडावर बोट. तिचा हात बटणाकडे गेला आणि मागे आला. पुस्तकातली चांगली माणसं अशा वेळी घाबरल्याचं तिने कुठे वाचलं नव्हतं.

तिने बटण दाबलं.

बाबांच्या डोक्यावरचा लाल दिवा लागला. आतल्या उतारूने बटण दाबलं की गाडी थांबवायचीच, हा नियम साहेबांच्याही आधीचा, आणि तो कोणी रद्द केला नव्हता. वस्तीतल्या लोकांनीच धास्तीने बटणाला हात लावणं सोडलं होतं. ते बिचारे आधीच्या थांब्यावर उतरून पूल पायी ओलांडायचे.

"कोणी दाबलं?" मागून एक गृहस्थ गुरगुरले.

"मी. मला उतरायचंय."

"इथे?" बाबांचा आवाज चढला. "अगं, घरी कशी येशील?"

"चालत."

"डोकं ठिकाणावर आहे का? उद्या परीक्षा आहे तुझी!"

"अभ्यास झालाय माझा."

ब्रेक करकचून लागला. दार उघडलं. ती उतरली आणि थेट बाकाकडे गेली. बाईला तिने एका बाजूने धरलं, नवऱ्याने दुसऱ्या. पायरीपाशी नवरा अडखळला.

"चढू का, साहेब?" त्याने विचारलं.

बाबा समोरच्या काचेतून रस्त्याकडे बघत राहिले. हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. दोघं चढली.

"नसती उठाठेव!" मागचे गृहस्थ पुन्हा गुरगुरले. मग उठले, पुढे आले आणि तिच्या रिकाम्या सीटवरचं दप्तर उचलून त्यांनी पोटाशी धरलं. "बसा इथे, बाई. पाय लांब करता येईल."

ती खालीच उभी राहिली. दुपारपासूनचा घशातला काटा गेला होता. दार काही मिटेना.

"काय गं, उभी का?" बाबांनी विचारलं.

"मी उतरलेय ना."

"उतरलीस. मी पाहिलं, सगळ्यांनी पाहिलं. आता चढ. उतरलेल्याला परत घेऊ नका, असं साहेब अजून तरी बोललेले नाहीत."

ती चढली. दार मिटलं. बाबांनी गिअर टाकला आणि आरशात तिच्याकडे पाहिलं.

"आणि उद्या बटण पुलावरच दाब," ते म्हणाले. "इतकं जवळ आल्यावर दाबलंस की म्हातारी माणसं पडतात."