पायी जाणारे: शून्य

माझी लेक संस्कृती शाळेत असते तेवढ्या वेळात मी घरून काम करते. आमच्या फाट्यावर पुढच्या वर्षी सिग्नल बसायचाय. अजून खांबसुद्धा नाही. तिथली वाहतूक मी संगणकावर चालवून बघते.

पायी जाणारे मी शून्य भरले होते. तरी पडद्यावरच्या घड्याळात पाच वाजता दोन ठिपके आले, एक मोठा, एक इवलासा. हिरवा लागताच निघाले. मधोमध ट्रक आला नि इवलासा पुसला गेला.

मी ट्रकच काढून टाकले. तरी तो तिथंच पुसला जाई.

भिंतीवरच्या घड्याळात पाचला दोन मिनिटं होती. संस्कृतीला शाळेतून आणायला गेलेल्या सासऱ्यांना फोन लावला. “आबा, पाया पडते, पिल्लाला घेऊन रस्ता ओलांडू नका!”

“आगं, येडी का काय? फाट्यावरच उभं हाय आमी. अजून लाल हाय. हिरवा लागला की निघतो.”